टाकी कोण भरतं?

शामला मॅडम : आणि हे सातवं घर?

लतिका : ते कांताबाईंचं, मॅडम. आमच्या शेजारच्या.

शामला मॅडम : कोणाचं ते नाही विचारलं. तुझ्या वहीत ते माशांच्या रांगेत कसं आलं, ते विचारते आहे. परवा चिठ्ठ्या मी माझ्या हातानं उचलल्या. सातव्या घराची चिठ्ठी कोरी निघाली होती.

लतिका : हो.

शामला मॅडम : आणि तुमच्या घराच्या चिठ्ठीवर ‘मासे’ होतं. इथं उलटं झालंय.

लतिका : मी अदलाबदल केली. फक्त या दोन घरांची. बाकी सगळं तसंच ठेवलं, मॅडम. अर्धी घरं इकडे, अर्धी तिकडे, ते तर तसंच राहतं ना?

शामला मॅडम : बस. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडलाय. इकडे बस. आता मला पहिल्यापासून सांग. मी बाहेरगावची परीक्षक आहे आणि मला तुझ्या गल्लीची काहीही माहिती नाही, असं समज. कशाचा शोध घेतोय आपण?

लतिका : वापरायच्या पाण्याच्या टाकीत गप्पी मासे सोडले, तर डासांच्या अळ्या खरंच कमी होतात का. काचेच्या भांड्यात मासे अळ्या खातात, ते आपण इथं लॅबमध्ये पाहिलं. पण आमच्या गल्लीत लोक रोज टाकीतून पाणी काढतात, रोज भरतात, पोरं हात घालतात, कोणी साबणाचा हात तसाच बुडवतं. तशा टाकीत मासे टिकतात का, आणि टिकले तर खातात का.

शामला मॅडम : छान. मग सगळ्याच टाक्यांत का नाही सोडायचे?

लतिका : मलेरिया ऑफिसनं दिलेले मासे तेवढे पुरत नाहीत. पण पुरले असते तरी चाललं नसतं. दिवाळीनंतर अळ्या कमी झाल्या, तर त्या माशांमुळे की थंडी पडली म्हणून, हे कळलं नसतं. ताडून बघायला बिनमाशांच्या टाक्या हव्यात.

शामला मॅडम : आणि कोणाला मासे, कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून का ठरवलं?

लतिका : मी माझ्या मनानं ठरवू नये म्हणून.

शामला मॅडम : आणि तू ठरवलंस.

लतिका : हो, मॅडम.

शामला मॅडम : का?

लतिका : शहात्तरच्या तापाच्या साथीत मला मलेरिया झाला होता. दहावीत होते मी. आई मामीच्या बाळंतपणाला सावनेरला गेलेली. बाबा ट्रकवर. वाडीच्या गोदामातून माल भरून ते रायपूरकडे निघाले की चार-पाच दिवस घरी येत नाहीत. मी एकटी. चादरीवर चादर घेतली तरी दात आपटत होते. कांतामावशी मिलमधली पाळी संपवून येत होती. आमचं दार दुपारी बंद कसं, म्हणून तिनं ढकललं. मला पाहिलं आणि सरळ पाठकुळी घेतलं. गल्लीत गुडघाभर पाणी, रिक्षावाला आत यायला तयार नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत मला पाठीवर नेलं, तिथून मेयो हॉस्पिटलात. आई येईपर्यंत ती माझ्या खाटेपाशी बसून होती. मिलमध्ये खाडे झाले तिचे.

शामला मॅडम : आणि त्याच बाईच्या टाकीत आपण डास वाढू देणार.

लतिका : आणि आमच्या टाकीत मासे. मला ते लिहिता येईना, मॅडम. पेनच पुढे जाईना.

शामला मॅडम : पेन अडलं की माझ्याकडे यायचं. खोडून पुढे जायचं नाही. मागच्या वर्षीचं कृष्णकांतचं काम आठवतं? गांडुळांचं? ज्या कुंड्या तजेलदार दिसल्या त्यांत त्यानं गांडुळं घातली, मरतुकड्या तशाच ठेवल्या. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, कुंड्या कशा निवडल्या? पोरगा खाली बसला. वर्षाची मेहनत गेली.

लतिका : मला विज्ञान प्रदर्शनाचं काही नाही, मॅडम. माझं नाव काढून टाकलं तरी चालेल.

शामला मॅडम : प्रदर्शनाचं मलाही फारसं नाही. मलेरिया ऑफिसचे साहेब काय म्हणाले होते?

लतिका : फरक दिसला, तर उरलेल्या वस्तीला मासे देऊ.

शामला मॅडम : मग? बदललेल्या चिठ्ठ्यांवर त्यांच्याकडे मासे मागणार तू? त्यांनी विचारलं, घरं कशी निवडली, तर?

लतिका : मी खाली बसेन. कृष्णकांतसारखी.

शामला मॅडम : रडू नकोस. कारण तुझं एक म्हणणं खरं आहे, आणि ते एकट्या कांताबाईंपुरतं नाही. बिनमाशांच्या सगळ्याच घरांत माणसं राहतात. तिथं डास होऊ द्यायचे आणि आपण बाजूला उभं राहून मोजत बसायचं, हे बरोबर नाही. तुला हे खटकलं, मला नाही खटकलं. बरं झालं आलीस. आता यातून वाट काढू.

लतिका : बिनमाशांच्या टाक्या इथं कॉलेजच्या गच्चीवर ठेवल्या तर?

शामला मॅडम : गच्चीवर साबणाचा हात कोण बुडवणार? तुझा प्रश्नच मुळी गल्लीतल्या टाकीचा आहे. दुसरं बघ. अंड्यापासून डास उडेपर्यंत किती वेळ जातो?

लतिका : सध्याच्या हवेत आठवडा. थोडा जास्तच. म्हणजे... मॅडम, उडायच्या आधीच मोजलं तर? अळ्या मोजायच्या आणि टाकी उपसून टाकायची! दर आठवड्याला. डास होणारच नाही.

शामला मॅडम : पाणी कुठं ओतशील?

लतिका : गटारात.

शामला मॅडम : अळ्या गटारात मजेत जगतील.

लतिका : मग कोरड्या मातीवर. उन्हात.

शामला मॅडम : हं. बिनमाशांच्या टाक्या उपसल्यास. माशांच्या टाक्यांचं काय?

लतिका : त्या कशाला उपसायच्या? त्यांत तर... थांबा. नाही उपसल्या तर एकीकडे ताजं पाणी आणि एकीकडे शिळं. मग फरक माशांचा की पाण्याचा, तेच कळणार नाही. त्याही उपसायच्या. मासे बादलीत काढायचे, टाकी भरली की परत सोडायचे.

शामला मॅडम : आता कशी बोललीस! चल, लिही हे. आणि चिठ्ठी जशी निघाली तशीच राहील. सातवं घर बिनमाशांचं. कांताबाईंना ते तू स्वतः सांगायचं, आणि त्या हो म्हणाल्या तरच त्यांची टाकी घ्यायची.

\*

कांताबाई : म्हंजे साऱ्या गल्लीत मासे अन् माह्या टाकीत नाही? काहून वं लते? मीच भेटली का तुले?

लतिका : साऱ्या गल्लीत नाही मावशी, अर्ध्या. मॅडमनं चिठ्ठ्या उचलल्या होत्या.

कांताबाई : अन् तुमच्या घरी?

लतिका : आमच्या घरी निघाले.

कांताबाई : वा रे वा! पोट्टीच्याच घरी बरोबर मासे निघाले. नळावरच्या बाया काय म्हनतीन, मालूम हाय ना?

लतिका : म्हणून तं मी चिठ्ठी बदलवली होती. तुह्या नावापुढं मासे लिहिले होते. मॅडमनं पकडलं मले.

कांताबाई : बदलवली? कायले?

लतिका : तुले मालूम नाही का, कायले?

कांताबाई : मले कसं मालूम राहीन? मी का तुह्या कॉलेजात हाव?

लतिका : त्या साली तू मले पाठीवर नेलं होतं.

कांताबाई : अगंबाई, थे होय? अन् त्याच्यापायी मले मासे? लते, तुह्या अंगात तवा वजनच काय होतं वं! मिलमंदी आमी सुताच्या पेट्या उचलतो, थ्या तुह्याहून भारी राहते.

लतिका : हासू नको ना मावशी. मी सांगून राहिली तुले काही. मी कधी बोललीच नाही त्याच्यावर. बरी झाली, आई घरी घेऊन गेली, मंग परीक्षा, मंग कॉलेज. रोज तुह्या दारावरून जाते अन् रोज वाटते, आज सांगू. ‘आभारी आहे’ म्हणाले लाज वाटते. थे भाषणात म्हणतात.

कांताबाई : तं नको म्हनू.

लतिका : पण मले म्हणायचं हाय.

कांताबाई : बस इकडं. माह्याजवळ बस. तुले एक गोष्ट सांगते, कोनाले सांगितली नाही आजवर. तापामंदी तू मले ‘आई’ म्हनून राह्यली होती. हात असा गच्च धरलेला. नर्स म्हने, बाई, पोरगी झोपली, तुमी घरी जा. मी उठाले लागली का तुहे डोये उघडले. मंग मी पुन्हा बसे. माह्या पोटी तिन्ही पोट्टेच. मोठे झाले तसे बाहेरच्या बाहेर. माहा हात असा कोनी धरला नव्हता कधी. मी तिथं बसली, थे काही तुह्यावर उपकार कराले नाही वं. मलेच उठू वाटे ना.

लतिका : मले यातलं काहीच आठवत नाही.

कांताबाई : तुले कसं आठवीन? मले आठवते ना. तेवढं बस हाय. आता थे मासे सांग. काय नाव म्हनली त्याहीचं?

लतिका : गप्पी.

कांताबाई : मले पाहून ठेवलं का नाव?

लतिका : मावशी!

कांताबाई : हास जराशी. केवढं तोंड करून आली होती, मले वाटलं कोनी मेलं का काय. बरं, माह्या टाकीत मासे नाही, तं मंग माही टाकी कायच्या कामाची?

लतिका : तुही टाकी तं सर्वात कामाची. ती नसली तं माशानं काही केलं का नाही, कळूच शकत नाही. पण त्रास हाय त्याच्यात. दर हप्त्याले मी येईन, अळ्या मोजीन, अन् मंग टाकी पूर्ण उपसा लागन. पाणी मातीत ओता लागन. तू नाही म्हणली तरी चालते. मॅडमनं सांगितलं हाय, तुले विचारूनच घेजो म्हणून.

कांताबाई : मले विचारा म्हने? मॅडम?

लतिका : हाव.

कांताबाई : घे मंग टाकी. उपसू. पन एक सांग मले. दर हप्त्याले उपसूनच डास मरते, तं मासे कायले पाहिजे?

लतिका : हे तू मॅडमलेच विचार. रविवारी टाक्या पाहाले येऊन राहिल्या.

कांताबाई : माह्या घरी? अन् हे आत्ता सांगते तू मले?

\*

शामला मॅडम : बरोबर आहे तुमचं, कांताबाई. दर आठवड्याला उपसत राहिलात, तर माशांची गरजच नाही.

कांताबाई : पाह्य लते! म्हनलं होतं ना मी!

शामला मॅडम : पण मे महिन्यात नळाची धार करंगळीएवढी होते, तेव्हा भरलेली टाकी मातीत ओताल?

कांताबाई : मी? एक गिलास नाही ओतनार.

शामला मॅडम : म्हणून मासे. आत्ता उपसतोय ते फक्त शोधापुरतं, तुमच्या घरात आमच्यापायी डास होऊ नयेत म्हणून. लतिका, ओगराळं दे. कांताबाई, हे बघा, आमटी वाढायचं ओगराळं आहे साधं. सगळ्या टाक्यांना हेच वापरायचं. हिच्या हातानं, सकाळी, टाकीच्या सावलीच्या बाजूनं. बुडव गं. हळू. तुझी सावली पडू देऊ नकोस, अळ्या खाली पळतात.

लतिका : आल्या, मॅडम. खूप आहेत.

शामला मॅडम : कशा आहेत? लोंबताहेत की आडव्या?

लतिका : आडव्या. पाण्याच्या वर अगदी सपाट पडल्यात.

शामला मॅडम : म्हणजे मलेरियाच्या डासाच्या. लोंबत्या असत्या तर दुसऱ्या.

कांताबाई : बाप्पा! अन् मी रोज याच पान्यानं भांडे घासून राह्यली!

शामला मॅडम : भांडी घासल्यानं काही होत नाही. यांना पंख फुटले की त्रास. बरं, आता थोडे प्रश्न. सगळ्या घरांना हेच विचारतोय. टाकीवर झाकण असतं?

कांताबाई : पत्रा हाय ना. पन पोट्टे त्याच्यावर बसून बसून वाकला तो. इकडून फट राहते.

शामला मॅडम : तळ कधी घासता?

कांताबाई : सुट्टीच्या दिवशी, जमलं तं.

शामला मॅडम : टाकी रोज कोण भरतं?

कांताबाई : भरते कोनीतरी.

शामला मॅडम : कोणीतरी म्हणजे?

कांताबाई : म्हंजे भरून राहते. मी पाळीवरून येते तं भरून राहते. चहा घ्या ना मॅडम, थंडा होऊन राह्यला.

शामला मॅडम : घेते. पण हे कळायला हवं. लतिका, का विचारतोय आपण, ते सांग त्यांना.

लतिका : मावशी, भरणारा जर रोज सगळं पाणी काढून, टाकी धुऊन भरत असन, तं अळ्या तशाबी कमी राहतीन. अन् आपण मात्र भलताच अर्थ काढू. म्हणून कोण भरते अन् कसं भरते, दोन्ही पाहिजे. तुहा मधला पोरगा भरते ना?

कांताबाई : नाही. मलेबी आधी तसंच वाटे. माही पहिली पाळी. भोंगा व्हाच्या आधी मी घराबाहेर. मोठा कोराडीची पहिली बस पकडते, त्याची तिथं ठेकेदाराकडं नोकरी. धाकटा त्याच्यासंग. नळ येते त्याच्या किती मागून. मले वाटे, मधला भरत असन. मधल्याले वाटे, मायनं भरून ठेवलं. असं चालून राह्यलं होतं आमचं. एक डाव मिलची लाईट गेली, आमाले लवकर सोडलं. मी गल्लीच्या तोंडाशी आली अन् पाह्यलं.

लतिका : कोण होतं?

कांताबाई : राहू दे वं.

शामला मॅडम : कांताबाई, हे नाव कुठं बाहेर जाणार नाही. प्रदर्शनात तर नाहीच.

कांताबाई : बाहेर जायची भीती नाही मॅडम. घरात जायची हाय. लते, तुही माय भरते.

लतिका : आई?

कांताबाई : हाव. पार्वतीबाई.

लतिका : आई तं तुह्याशी बोलत बी नाही!

कांताबाई : नाही बोलत. मॅडम, हिची माय लग्न होऊन या गल्लीत आली, तवा आमी बौद्ध दीक्षा घेऊन तीन-चार सालं झाले होते. पन तिच्या सासूसाठी आमी होतो थेच होतो. सासूनं सांगून ठेवलं, त्या बाईच्या पान्याच्या गुंडाले आपला गुंड लागू देऊ नको. माहं पानी भरून झालं का तुही माय आधी नळाची तोटी धुवे लते, मंग आपला गुंड लावे. सासू गेली, तरी सवय राह्यली. मीबी तिच्याशी बोलाले गेली नाही. मी काहून जाऊ?

लतिका : अन् आता?

कांताबाई : तू मेयोतून घरी आली, तवापासून भरते. आपले गुंड झाले का तीन-चार बादल्या माह्या टाकीत. इकडं पाहते, तिकडं पाहते, अन् ओतते. जाताना पत्रा होता तसा सरका करून जाते, मले कळू नये म्हनून. त्या टायमाले तू कॉलेजात राहते. तुले कुठून दिसन?

लतिका : अन् तू तिले काहीच नाही म्हणली? इतके दिवस?

कांताबाई : म्हनली असती तं थांबली असती.

लतिका : मले वाटे... मॅडम, मले वाटायचं, आईला त्याचं काहीच नाही. मी तिच्यावर रागावून होते. मेयोत ती कांतामावशीला एक शब्द बोलली नव्हती.

कांताबाई : तिचा राग नको करू वं. तोंडानं नाही जमत काही लोकाहीले. बादली उचलनं सोपं हाय का? हिच्या मायची कंबर दुखते, मॅडम, मी पाहते ना, कंबरेवर हात ठेवत जाते ती.

शामला मॅडम : ...त्या टाकी धुऊन भरतात का हो?

कांताबाई : नाही. नुसतं ओतते.

शामला मॅडम : मग आपल्या कामाला काही अडचण नाही. लतिका, आधी डोळे पूस. घाई नाही. मग लिही, शेजारीण भरतात, न धुता.

लतिका : मॅडम, पण टाकी उपसल्यावर त्यांना पूर्ण टाकी भरावी लागेल. आईला सांगायला हवं ना?

कांताबाई : नको सांगू! मंग ती येनारच नाही.

शामला मॅडम : सांगायला तर हवं. ज्याच्या हातून काम होणार, त्याला अंधारात ठेवून शोध होत नाही. पण काय सांगायचं, ते आपण ठरवू शकतो.

लतिका : मी सगळ्याच घरी सांगते. दर रविवारी सगळ्या टाक्या उपसणार, मधला भाऊ अन् मी त्याच दिवशी भरून देणार, रोजचं पाणी ज्यानं त्यानं नेहमीसारखं भरायचं. आईला त्यातच कळेल. कांतामावशीचं नाव काढायलाच नको.

शामला मॅडम : जमलं. कांताबाई, चहा छान झालाय. आणि खरं सांगते, या प्रश्नाचं असं उत्तर मला आजवर कोणत्याच प्रॅक्टिकलला मिळालं नाही.

\*

*(संक्रांत होऊन गेली आहे. प्रदर्शन आटोपलं आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी कांताबाईच्या अंगणात कांताबाई आणि लतिका.)*

कांताबाई : मंग काय विचारलं त्याहीनं? सारं सांग. मधलं गाळू नको.

लतिका : पहिलाच प्रश्न तोच. घरं कशी निवडली? मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकून. तं ते म्हणे, मनासारख्या निघाल्या का? मी म्हटलं, नाही सर. जिच्या घरी मासे असावे वाटत होतं, तिच्याच घरी नाही निघाले. मी बदलवून पाहिलं, मॅडमनं बदलू दिलं नाही.

कांताबाई : थेबी सांगून देलं? येडी!

लतिका : तोंडातून निघून गेलं. हासले ते. मंग शेवटपर्यंत चांगले बोलले. माशांच्या टाक्यांत ओगराळ्यात एखादीच अळी लागे, कधी तीबी नाही. बाकीच्यांत दर हप्त्याले वळवळ. एका घरी धुण्याचा सोडा पडून मासे मेले, तेबी सांगितलं. त्यावर तं त्यांनी मॅडमकडे पाहून मान हलवली. नंबर आला मावशी. दुसरा.

कांताबाई : पहिला कोनाचा?

लतिका : वर्ध्याच्या पोराचा. त्याचं कापसावरच्या बोंडअळीचं होतं. चांगलं होतं त्याचं.

कांताबाई : असन. पन माह्या टाकीचा दुसरा आला ना?

लतिका : तुह्याच टाकीचा. अन् मलेरिया ऑफिसचे साहेब स्वतः आले होते. सोमवारपासून पुऱ्या वस्तीले मासे देणार हाय. मी मॅडमले म्हटलं, तुमच्यामुळं झालं. तं त्या म्हणे, मी नुसतं खोडू दिलं नाही.

कांताबाई : लते, तुही माय येऊन राह्यली वं.

लतिका : कुठं?

कांताबाई : इकडंच. फाटकाशी. हातात बादली हाय.

पार्वतीबाई : कांताबाई, हाव का घरी?

कांताबाई : हाव, हाव. या ना. सुट्टी हाय आज.

पार्वतीबाई : मासे आनले. आमच्या टाकीत पिल्लं झाले भल्ले.

कांताबाई : सोमवारी ऑफिसवाले देऊन राह्यले म्हने.

पार्वतीबाई : थे देतीन तवा देतीन. हे घरचे होय. लते, तू जाय. चुलीवर डाळ हाय, उतू जाईन.

लतिका : जाते, आई.

पार्वतीबाई : पत्रा उचला जरासा. हं. ...गेले. पाहा, सारे तळाशीच गेले.

कांताबाई : भेले असतीन. नवी जागा.

पार्वतीबाई : हाव. येतीन वर.

कांताबाई : येतीन ना.

पार्वतीबाई : मले बोलाचं होतं. लय दिवसाचं बोलाचं होतं. सावनेरवरून धावत आली मी, मेयोत आली, तं तुमी तिच्या उशाशी. तिचा हात तुमच्या हातात. मले काय म्हनाव सुचलंच नाही. पोरगी उचलली अन् तोंड फिरवून चालली आली. माही पोरगी तुमच्यानं राह्यली कांताबाई. कॉलेजात गेली, काल तिचा नंबर आला, थे सारं तुमच्यानं.

कांताबाई : अवो पार्वतीबाई...

पार्वतीबाई : बोलू द्या मले. एक डाव थांबली तं मंग नाही बोलता येत.

कांताबाई : बोला.

पार्वतीबाई : झालं. एवढंच होतं.

कांताबाई : तं बसा ना आता. उभ्या कायले? सतरंजी टाकते. चहा... मांडू का? घेता?

पार्वतीबाई : घेते ना. साखर जराशी कमी टाका मले.